‘प्रिल्यूड’चे पुनरागमन : चोवीस वर्षांची प्रतीक्षा, हायब्रिडची कसोटी

कळवा, प्रतिनिधी : होंडा कंपनीची ‘प्रिल्यूड’ ही दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार २००१ मध्ये बंद झाली. ५ सप्टेंबर २०२५ रोजी ती जपानमध्ये हायब्रिड रूपात पुन्हा विक्रीला आली. महिन्याला ३०० गाड्या विकण्याचे कंपनीचे उद्दिष्ट होते. पहिल्या महिनाभरातच सुमारे २,४०० गाड्यांची मागणी नोंदवली गेली. उद्दिष्टाच्या आठपट मागणीमुळे जगभरातील मोटारप्रेमींचे लक्ष या गाडीकडे वेधले गेले. मात्र, पहिल्या महिन्याच्या आकड्यांवरून प्रतीक्षा किती उत्कट होती एवढेच कळते, गाडी किती टिकेल हे कळत नाही. होंडाच्याच दोन जुन्या हायब्रिड स्पोर्ट्स कारचा इतिहास तेच सांगतो.

नावाला जागणारी गाडी

‘प्रिल्यूड’ म्हणजे नांदी. पहिली प्रिल्यूड नोव्हेंबर १९७८ मध्ये जपानमध्ये आली. विजेवर उघडणारे छत असलेली ती जपानमधील पहिली मोटार होती. १९८२ च्या दुसऱ्या पिढीत चारही चाकांसाठी अँटी-लॉक ब्रेक आले. जपानी मोटारींत ही सोय तेव्हा नवी होती. १९८७ च्या तिसऱ्या पिढीने तर पुढच्या चाकांबरोबर मागची चाकेही वळवून दाखवली. स्टिअरिंग थोडे फिरवले की मागची चाके पुढच्या चाकांच्याच दिशेने वळत आणि वेगात गाडी स्थिर राही. स्टिअरिंग जास्त फिरवले की ती उलट दिशेने वळत आणि अरुंद जागेत गाडी सहज फिरे. १९९१ च्या चौथ्या पिढीत २.२ लिटरचे ‘व्हीटेक’ इंजिन आले आणि १९९६ ची पाचवी पिढी अखेरची ठरली.

ही गाडी होंडाने त्या काळात भारतात विकली नाही. होंडाची ‘सिटी’ आपल्याकडे आली तीच १९९८ मध्ये. तरीही ठाणे-डोंबिवली पट्ट्यातील तेव्हाच्या तरुणांना प्रिल्यूड हे नाव अपरिचित नव्हते. परदेशी मासिकांतील छायाचित्रे आणि ‘ग्रान तुरिस्मो’सारखे व्हिडिओ गेम यांतून ती घरात पोहोचली होती. पुढे २००० मध्ये सिटीत १.५ लिटरचे, १०६ अश्वशक्तीचे व्हीटेक इंजिन आले, तेव्हा या घराण्याची चव भारतीय चालकांनाही प्रत्यक्ष चाखता आली. ती सिटी आजही जुन्या गाड्यांच्या शौकिनांत आदराने ओळखली जाते.

नव्या गाडीत काय आहे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोतील जपान मोबिलिटी शोमध्ये होंडाचे अध्यक्ष तोशिहिरो मिबे यांनी ‘प्रिल्यूड कॉन्सेप्ट’ सादर केली आणि प्रतीक्षेला खरी धार आली. प्रत्यक्ष गाडीत २ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटरी आहेत. अमेरिकी आवृत्तीची एकत्रित ताकद २०० अश्वशक्ती आहे. पुढचे सस्पेन्शन व ब्रेक ‘सिव्हिक टाइप आर’ या वेगवान गाडीच्या धर्तीवरचे आहेत. जपानी चाचणीनुसार ही गाडी एका लिटरमध्ये २३.६ किलोमीटर धावते. स्पोर्ट्स कारसाठी हा आकडा लक्षणीय आहे.

ही यंत्रणा कळवेकरांना समजायला अवघड नाही. कळवा कारशेडमध्ये देखभालीसाठी येणाऱ्या थ्री-फेज लोकल ब्रेक लावताना आपल्या मोटरींचा जनित्रासारखा उपयोग करतात आणि तयार झालेली वीज ओव्हरहेड तारेत परत पाठवतात. हायब्रिड मोटार हेच करते. फक्त ती वीज स्वतःच्या बॅटरीत साठवते. शहरी वेगात प्रिल्यूडचे इंजिन बहुतांशी वीज निर्माण करण्याचे काम करते आणि चाके विद्युत मोटर फिरवते. महामार्गावर एकसारखा वेग असेल तेव्हा क्लच जोडला जाऊन इंजिन थेट चाकांना गती देते. त्यामुळे कळवा नाका ते विटावा अशा थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात हायब्रिडचा फायदा सर्वाधिक आणि मोकळ्या महामार्गावर तुलनेने कमी.

गिअरचा वाद

मतभेद आहेत ते गिअरवरून. या यंत्रणेत नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. गिअर बदलण्याचा अनुभव मिळावा म्हणून होंडाने ‘एस प्लस शिफ्ट’ ही सोय दिली आहे. स्टिअरिंगमागचा खटका ओढला की इंजिनाचे फेरे आणि मोटरीची ओढ यांचा मेळ घालून आठ गिअर असल्याचा आभास निर्माण केला जातो. आवाजाची जोड स्पीकर देतात. चाहत्यांतील एक गट याला कृत्रिम म्हणतो. क्लच दाबून गिअर टाकण्यातच चालवण्याचा आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे. ३१५ अश्वशक्तीच्या आणि सहा गिअरच्या मॅन्युअल टाइप आरशी तुलना करून ते प्रिल्यूडची किंमतही जास्त ठरवतात. दुसऱ्या गटाला ही टीका मान्य नाही. प्रिल्यूड कधीच शर्यतीची गाडी नव्हती, रोज वापरता येईल अशी देखणी, चपळ कूपे हीच तिची ओळख होती, असे तो गट सांगतो.

जपानमध्ये सुरुवातीची मागणी नोंदवणाऱ्यांत पन्नाशी-साठीतील ग्राहक प्रामुख्याने होते. तरुणपणी पाहिलेली गाडी उत्तरायुष्यात घेणारा हा वर्ग आहे. त्याची हौस खरी असली तरी त्याची संख्या मर्यादित आहे.

आधीचे दोन प्रयोग

होंडाने १९८० च्या दशकातील छोट्या ‘सीआर-एक्स’ची आठवण जागवत फेब्रुवारी २०१० मध्ये ‘सीआर-झेड’ ही हायब्रिड कूपे आणली. तिला सहा गिअरचा मॅन्युअल पर्यायही होता. जपानमध्ये महिन्याला १,००० गाड्यांचे उद्दिष्ट असताना पहिल्या महिन्यात १०,००० हून अधिक गाड्यांची मागणी आली. जपानचा वर्षातील सर्वोत्तम मोटारीचा किताबही तिने मिळवला. पण सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर विक्री घसरत गेली आणि २०१६-१७ दरम्यान गाडी बंद झाली. वारसदार आला नाही.

१९९० ची ‘एनएसएक्स’ २००५ मध्ये थांबली आणि २०१६ मध्ये तीन विद्युत मोटरींसह परतली. अत्यंत महागडी अशी ही गाडी २०२२ पर्यंतच टिकली. तीन हजारांच्या आतच गाड्या बनल्या.

प्रिल्यूडची स्थिती एका बाबतीत वेगळी आहे. सीआर-झेडची हायब्रिड यंत्रणा साधी होती, तर एनएसएक्सची केवळ तिच्यासाठीच घडवलेली. प्रिल्यूडचे मूळ तंत्र मात्र सिव्हिकसारख्या मोठ्या संख्येने खपणाऱ्या गाड्यांत आधीच रुळले आहे. त्यामुळे कमी संख्येत बनवूनही ती कंपनीला परवडण्याची शक्यता अधिक आहे.

भारतीय ग्राहकाचा हिशेब

भारतात हायब्रिडचा अनुभव नवा नाही. होंडाने २००८ मध्ये ‘सिव्हिक हायब्रिड’ पूर्ण बांधणीसह आयात केली. साडेएकवीस लाखांच्या आसपास असलेली किंमत कोणी मोजेना, म्हणून त्याच वर्षी ती सुमारे आठ लाखांनी उतरवावी लागली. याउलट राजस्थानातील टपूकडा कारखान्यात बनणारी ‘सिटी ई:एचईव्ही’ मे २०२२ मध्ये १९.४९ लाखांना आली. प्रिल्यूडमधील दोन मोटरींची कार्यपद्धती हीच, इंजिन मात्र १.५ लिटरचे.

आयातीचा भार किती पडतो, याचा ढोबळ हिशेब असा. प्रिल्यूडची जपानमधील किंमत ६१,७९,८०० येन, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने ३६ ते ३७ लाख रुपये. तिथला दहा टक्के कर वगळला तर सुमारे ३३ लाख. त्यावर ७० टक्के सीमाशुल्क धरले तर रक्कम ५६ लाखांवर जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना, हायब्रिडसह, ४० टक्के जीएसटी लागू झाला. तो मिळवला की आकडा ७८ लाखांच्या घरात पोहोचतो. नोंदणीकर, विमा आणि विक्रेत्याचा नफा वेगळा. विजेवरच्या मोटारीला जीएसटी पाच टक्के असताना इंधन वाचवणाऱ्या हायब्रिडला इतका कर का, हा वाहन उद्योगाचा जुना प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

त्यामुळे प्रिल्यूडच्या चाकामागे बसण्याची हौस आपल्याकडे थोड्यांनाच परवडेल. तिच्या बॉनेटखालचे तंत्र अनुभवायचे असेल, तर भारतात बनलेल्या हायब्रिड सेडानची फेरी हा जवळचा मार्ग आहे.

दृष्टिक्षेपात प्रिल्यूड

पहिली विक्री : नोव्हेंबर १९७८
पाच पिढ्यांनंतर बंद : २००१
कॉन्सेप्टचे सादरीकरण : ऑक्टोबर २०२३
सहाव्या पिढीची विक्री : ५ सप्टेंबर २०२५ (जपान)
इंजिन : २ लिटर पेट्रोल, दोन विद्युत मोटरी
ताकद : २०० अश्वशक्ती (अमेरिकी आवृत्ती)
मायलेज : लिटरला २३.६ किमी (जपानी चाचणी)