शेख महंमदबाबांना विचारावेसे वाटते

कल्पित संवाद लिहिणे ही मराठीला नवी गोष्ट नाही. पैठणच्या एकनाथांनी (1533-1599) ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघे एकमेकांची उणीदुणी काढतात, किताब आणि पोथ्यांचे दाखले देतात, आवाज चढवतात, आणि अखेरीस वाद संपवून एकमेकांना आलिंगन देतात. त्यातला तुर्क दखनी हिंदुस्थानीत बोलतो, हिंदू मराठीत; मध्ये दुभाषा लागत नाही. संवाद कल्पित असला तरी हा तपशील इतिहासाचा आहे. त्या काळी दोन्ही बोली एकाच बाजारात, एकाच फडावर चालत होत्या.

हीच गोदावरी आमच्या एकलहऱ्याजवळून वाहत पुढे पैठणला जाते. औष्णिक वीज केंद्रामुळे ठिकठिकाणची माणसे इथे येऊन वसली. इथल्या आमच्या मुलांचे मराठी गल्लीत आणि मैदानावर झकास चालते. वर्गात मात्र उर्दूच्या तासाला मूल ‘आपल्या’ घरात असते आणि मराठीच्या तासाला ‘त्यांच्या’ अंगणात उभे असल्यासारखे अवघडते. हा दुरावा मुलाने आणलेला नाही, मोठ्यांनी शिकवलेला आहे. म्हणून होऊन गेलेल्या एखाद्या लेखकाशी दोन घटका बोलायची मुभा मिळाली, तर आम्ही श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव घेऊ.

वडील राजमहंमद आणि आई फुलाई यांचा हा मुलगा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्याकडे जन्मला. त्यांचे गुरू चांद बोधले. अभ्यासकांनी चांद बोधल्यांना कादरी सूफी परंपरेशी जोडले आहे. परंपरा असेही सांगते की देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी याच चांद बोधल्यांचे शिष्य, आणि जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ. म्हणजे या परंपरेने पाहिले तर नाथांचे आणि शेख महंमदांचे आध्यात्मिक घराणे एकच ठरते. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी शेख महंमदांना गुरू मानले आणि चांभारगोंद्यास, म्हणजे आजच्या श्रीगोंद्यास, आणून मठ बांधून दिला, असे सांगतात. याच मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही आख्यायिका तर सर्वांना ठाऊक आहे.

शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’, ‘पवनविजय’, ‘निष्कलंकप्रबोध’ आणि पुष्कळ अभंग लिहिले. काही रचना हिंदुस्थानीतही केल्या. ‘योगसंग्राम’ 1645 साली पुरा झाला. त्याचे अठरा प्रसंग आहेत. संग्राम कुणाशी? बाहेरच्या शत्रूशी नव्हे, स्वतःतल्या विकारांशी. सूफी ज्याला नफ्साशी लढा, जिहाद-ए-अकबर म्हणतात, तेच त्यांनी ओवीत मांडले, असे आम्हाला वाटते. वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हे साहित्य संपादून छापले आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात त्याची ओळख करून दिली. नाहीतर ते मठातल्या बाडांतच राहिले असते.

आता संवाद. कल्पनेलाही एक शिस्त हवी, असे आमचे मत आहे. प्रश्न आमचे असावेत. उत्तरे मात्र त्यांच्या ग्रंथांतून आणि चरित्रातून निघावीत. आपल्या सोयीची वाक्ये बुजुर्गांच्या तोंडी घालणे ही इतिहासाशी बेइमानी आहे.

आम्ही विचारू, “बाबा, मराठीत का लिहिलेत? फारसीला दरबारात मान होता, अरबीला मस्जिदीत. ओवीने काय दिले?”

बाबा हसतील. म्हणतील, “लेकरांनो, ज्यांना सांगायचे होते, ते कोणती भाषा बोलत होते?” त्यांच्यापुढे बसलेला श्रोता शेतकरी होता, शिलेदार होता, दळण दळणारी बाई होती. सूफींनी दक्षिणेत चक्कीनामे रचले ते याच कारणाने. रहमत ज्याच्यापर्यंत पोचवायची, त्याच्या बोलीत ती सांगावी, हा जुना रिवाज आहे. त्यात मराठीवर उपकार केल्याची भावना नव्हती आणि मराठीकडून प्रमाणपत्र मागण्याची लाचारीही नव्हती.

आम्ही पुढे विचारू, “नाव बदलावेसे वाटले नाही?” बीदरकडचे शाह मुंतोजी मराठी परंपरेत मृत्युंजय झाले. शेख महंमदांनी मात्र अभंगाच्या नाममुद्रेत ‘शेख महंमद’ हेच नाव ठेवले. शिवाय ते स्वतःला ‘अविंध’ म्हणवत. अविंध म्हणजे कान न टोचलेला, म्हणजेच मुसलमान. लोक हिणवण्यासाठी वापरत तो शब्द त्यांनी स्वतःच उचलून काव्यात मांडला. केतकीला काटे असतात, फणस वरून खडबडीत असतो, नारळ कठीण असतो. पण आत काय असते ते पाहा, असा त्यांचा दाखला आहे. इथे ते आपले ‘असणे’ लपवत नाहीत. काटे माझेच आहेत आणि गरेही माझेच, असे त्यांचे म्हणणे दिसते.

आणि ते एकटे नव्हते. हुसेन अंबरखानांनी सतराव्या शतकात गीतेवर मराठी टीका लिहिली, अठराव्या शतकात शहामुनींनी ‘सिद्धांतबोध’ रचला. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा काही जणांना ते नवे खूळ वाटले. खरे तर ती साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घरी घातलेली पुन्हा एक फेरी होती.

तिसरा प्रश्न अवघड आहे. 2025 साली श्रीगोंद्यात समाधीस्थानावरून वाद उभा राहिला. देवस्थान म्हणायचे की दर्गा, नोंद कोणत्या दफ्तरात करायची, यावर गाव तापले. “बाबा, आपण कुणाचे?” असे विचारण्याचा मोह होतो.

इथे आम्ही उत्तर रचणार नाही. एवढे मात्र दाखवू की त्यांचे साहित्य कोणत्याही एका बाजूला सोयीचे नाही. त्यांनी ढोंगी गुरूंवर कोरडे ओढले, मुल्लांच्या पोकळ पांडित्यावरही ओढले. नवसाच्या नावाखाली देवतांपुढे बळी देणाऱ्यांना सुनावले. एका निराकार सत्यावर त्यांची निष्ठा होती आणि तिच्यासाठी त्यांनी गोविंदाचे नावही घेतले. या माणसाचा अर्धा भाग कापून घरी न्यावा, असे कुणी म्हटले तर हातात येईल ते शेख महंमद नसतील. हिंदूंनी त्यांच्यातला मुसलमान पुसू नये आणि मुसलमानांनी त्यांच्यातला मराठी संत टाकून देऊ नये. वारसा वाटून घेता येत नाही, फक्त चालवता येतो.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. उर्दू माध्यमालाही ती लागू आहे. सक्तीने तास भरतो, आपलेपणा येत नाही. आपलेपणा यायचा तर मराठीच्या पुस्तकात मुलाला स्वतःच्या नावासारखे एखादे नाव दिसले पाहिजे. पाठ्यपुस्तकात ते येईल तेव्हा येईल. तोवर मराठीच्या पहिल्याच तासाला फळ्यावर एक नाव लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘शेख महंमद, श्रीगोंदे, 1645’ एवढे लिहावे आणि विचारावे: “बच्चो, सांगा, हे कवी कोणत्या भाषेत लिहायचे?”