अवघड वाचनाची बैठक

मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘तुतारी’ शाळेपासून ओळखीची असते. ‘झपूर्झा’चा विषय निघाला की मात्र तेच लोक जरा गप्प होतात. कविता आपल्याला कळत नाही, हे सांगताना माणूस ओशाळतो. पुढे हेच ओशाळेपण त्याला जी. ए. कुलकर्णी, चिं. त्र्यं. खानोलकर किंवा श्याम मनोहर यांच्या कथा-कादंबऱ्यांपासून लांब ठेवते. अवघड साहित्य वाचायला मनाची काही खास घडण लागते आणि ती मोजक्यांनाच लाभते, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. मराठी वाचनाचा इतिहास पाहू लागल्यावर मला तो टिकणारा वाटला नाही. मन आधी तयार झाले आणि मग वाचन घडले, असे झालेले दिसत नाही. वाचनाच्या रीतींनीच मन तयार केले.

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म 1866 साली मालगुंडचा. 1905 मध्ये हुबळीला ते प्लेगने गेले. त्यांच्या कवितांचा संग्रह हरी नारायण आपटे यांनी प्रसिद्ध केला तो 1917 साली, म्हणजे बारा वर्षांनी. याचा साधा अर्थ असा की, कवीच्या हयातीतल्या वाचकाने ‘केशवसुत’ एका दमात वाचलेच नाहीत. ‘काव्यरत्नावली’सारख्या नियतकालिकांतून एखादी कविता त्याच्या हाती पडे आणि पुढची येईपर्यंत तीच मनात राही. खुद्द हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली. दोन अंकांमधल्या दिवसांत वाचक घरच्या कामाला लागे. उलगडा न झालेला भाग त्याच्या डोक्यात घोळत राही. न कळलेले काही सोबत घेऊन दिवस काढण्याची ही सवय त्या काळाने आपोआप लावली.

1893 मधल्या ‘झपूर्झा’चे नावच या सवयीबद्दल काही सांगते. या शब्दाचे मूळ मुलींच्या झिम्मा-फुगडीच्या खेळात असल्याचे सांगितले जाते: ‘जा पोरी जा’ हे शब्द भरभर म्हटले की ऐकणाऱ्याला ‘झपूर्झा’ असे काहीतरी ऐकू येते. बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला तो निरर्थक गलबला वाटतो. फेरात असलेल्या मुलीला अर्थ विचारावा लागत नाही, तिला ताल सापडलेला असतो. अवघड मजकुराशी पहिली भेट अशीच व्हावी, असे मला वाटते. पहिल्या फेरीत अर्थाचा हिशेब मागू नये. वाक्यांचा वेग, पुन्हा पुन्हा येणारे शब्द, मधले थांबे एवढेच कानात भरून घ्यावेत. अर्थासाठी दुसरी फेरी आहेच.

ही रीत मराठीला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानदेव श्रोत्यांची मनःस्थिती कशी असावी ते सांगतात. शरदातल्या चांदण्याचे कोवळे कण चकोराची पिल्ले जितक्या हळुवारपणे टिपतात, तितक्या हळुवार मनाने ही कथा अनुभवावी, असे त्यांचे म्हणणे आहे. तिथे विद्वत्तेची अट नाही, अट आहे ती हळुवारपणाची. आणि ऐकणे चारचौघांत असल्यामुळे, एखाद्याला एखादी ओवी कळली नाही तरी त्यात कुणाला लाज वाटण्याचे कारण नव्हते.

केशवसुत 1904 पासून धारवाडला मराठी शिकवत होते. पुढे त्याच गावात जी. ए. इंग्रजी शिकवत. त्यांच्या ‘रमलखुणा’त (1975) दोनच दीर्घकथा आहेत: ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. ‘झपूर्झा’प्रमाणेच ‘इस्किलार’ हाही ओळखीच्या मराठीत न बसणारा शब्द. वाचकाला दारातच सांगितले जाते की, कोश इथे कामाचा नाही. माझे शिक्षण वर्गाबाहेर झाले, त्यामुळे अर्थ सांगणारे कुणी नव्हते. या कथा मी रोज पाच-सहा पाने, मोठ्याने वाचल्या आणि दुसऱ्या दिवशी पुढे जाण्याआधी आदल्या दिवशीची पाने पुन्हा वाचली. कथांचा सगळा अर्थ लागला असे नव्हे, पण त्या परक्या राहिल्या नाहीत.

अर्थात प्रत्येक दुर्बोध पुस्तक थोर नसते. काही केवळ वाईट लिहिलेली असतात. फरक दुसऱ्या फेरीत कळतो. चांगल्या पुस्तकात तेव्हा काहीतरी नवे हाती लागते, वाईट पुस्तकात तोच गोंधळ पुन्हा भेटतो. तसे झाले तर पुस्तक निःसंकोच मिटावे.

‘मनोरंजन’कर का. र. मित्रांनी 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक घरात महिनोन्महिने रेंगाळतात, शेजारी जातात, परत येतात. यंदाच्या अंकांतली एखादी कथा पहिल्यांदा कळली नाही, तर ती बाजूला ठेवावी. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा काढावी, आणि घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवावी.