खोडमाशी, ज्वारीवरील

ज्वारीचे रोप कोवळे असतानाच पोंग्यावर, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांवर, घाला घालणारी माशी. शास्त्रीय नाव ॲथेरिगोना सोकाटा. ही घरमाशीच्याच कुळातली, पण तिच्याहून लहान आणि करडी असते. उगवणीनंतरचा पहिला महिना धोक्याचा. रोप त्यापुढे गेले की सहसा निभावते.

मादी पानाच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेला समांतर, लांबट पांढरे अंडे एकेकटे चिकटवते. एकदोन दिवसांत निघालेली अळी पानावरच्या दवाच्या ओलीतून सरकत पोंग्यात शिरते, वाढीचा कोंब कुरतडते आणि कुजणाऱ्या भागावर जगते. मधले पान सुकते, बाजूची हिरवीच राहतात, हीच पोंगेमर. सुकलेला पोंगा ओढताच हातात येतो आणि त्याच्या बुडाला घाण वास येतो. रोप बुडातून फुटवे काढते, पण त्यांची कणसे उशिरा येतात, काहींना ती धरतच नाहीत.

प्रतिकाराचे मर्म अळी मारण्यापेक्षा माशीला अंडे घालू न देण्यात आहे. प्रतिकारक वाणाचे कोवळे पान चकचकीत, फिकट पिवळसर हिरवे असते, खालच्या बाजूस बारीक लव असते आणि पोंग्यातली ओल कमी असते, म्हणून अळीची वाट अवघड होते. रोप झपाट्याने वाढले तर तेही उपयोगी पडते. मात्र पूर्ण अभेद्य असे लागवडीतले वाण नाही: शेतात दुसरे काही नसेल तर माशी याच पानांवर अंडी घालते. जंगली ज्वारीच्या काही जातींत याहून कडवा प्रतिकार आहे, पण त्यांचा लागवडीच्या ज्वारीशी संकर सहजी होत नाही. म्हणून पैदासकार आयएस १८५५१ सारख्या लागवडीच्या ज्वारीतल्याच प्रतिकारक स्रोतांवर भर देतात.

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी मध्यम प्रतिकारक आहे. उलट १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित ज्वारीसह सुरुवातीच्या संकरित वाणांना ही माशी फार लागली. त्यांच्या वंशातील परदेशी मादी वाणात प्रतिकार नव्हता. उत्पादनाच्या आकड्यांवरच वाण जोखण्याचा तो परिणाम होता, असेच म्हणावे लागते. रब्बीत मालदांडी टिकली ती भाकरी, कडबा आणि हा प्रतिकार या तिन्हींच्या जोरावर.

खरिपात पावसाच्या सुरुवातीसच पेरलेले पीक बचावते, उशिराचे सापडते. बियाणे थोडे जास्त वापरून विरळणीत पोंगेमर झालेली रोपे उपटून नष्ट करतात. बियाण्यास कीटकनाशक चोळण्याचीही रीत आहे.