तीस लाख मैलांची सोबत

स्पोर्ट्‌स कारचा इतिहास सहसा शर्यतींच्या नोंदींतून लिहिला जातो. मला मात्र त्यातले सर्वांत बोलके प्रकरण एका शाळामास्तरांचे वाटते.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली लाल रंगाची, दोन दारांची व्होल्वो पी १८०० एस घेतली. शाळेत जाऊन येण्याचेच अंतर रोज सव्वाशे मैल. सुट्ट्यांत आणि निवृत्तीनंतर तर मुक्काम रस्त्यावरच. १९८७ मध्ये दहा लाख मैल झाले, २००२ मध्ये वीस लाख आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तीस लाख, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर.

मी हिशेब मांडून पाहिला. ४७ वर्षे, रोज सरासरी २८० किलोमीटर. जणू दररोज पुण्याहून मुंबईला जाऊन परत येणे. या प्रवासात इंजिनाची पुनर्बांधणी झाली, पण इंजिन बदलले नाही. वेळेवर तेलबदल आणि कंपनीच्या पुस्तिकेनुसार निगा, एवढाच गॉर्डन यांचा मंत्र होता.

२०१८ मध्ये ते गेले. वेगासाठी घेतली जाणारी गाडी त्यांनी रोजच्या वापरासाठी राखली. यंत्राचे आयुष्य कारखान्यात किती ठरते आणि मालकाच्या सवयीत किती, या प्रश्नाचे इतके मोजलेले उत्तर मला दुसरे सापडलेले नाही.