धरणगांवची भिल्ल पलटण

हुकूम सोडणें आणि आपलें म्हणणें दुसऱ्यास पटविणें या दोन गोष्टी एकच आहेत, अशी समजूत कचेऱ्यांतून व कारखान्यांतून फार दिवसांपासून रूढ आहे. नवें यंत्र आलें किंवा कामाची रीत बदलली, कीं भिंतीवर एक सूचना लागते. आणि ती लावणाराला वाटतें कीं, आतां सर्वांस सर्व कळलें. खालच्या माणसांत मात्र त्या सूचनेहून अगदीं निराळी अशी एक बातमी संध्याकाळपर्यंत फिरलेली असते, आणि लोक खरी मानतात ती हीच बातमी! नोकरी केलेल्या कोणाही गृहस्थास हें निराळें सांगावयास नको. वरच्याचा शब्द खालच्यास खरा कां वाटावा, हा प्रश्न आमच्या खानदेशांत १८२५ सालीं एका बावीस वर्षांच्या इंग्रज लेफ्टनंटापुढें उभा राहिला होता. त्यानें तो ज्या रीतीनें सोडविला ती पाहण्यासारखी आहे. आणि त्या रीतीस जी मर्यादा पडली ती तर अधिकच पाहण्यासारखी आहे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व खानदेश कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें आपलें मुख्य ठाणें केलें. त्या वेळीं मुलखाची दशा अत्यंत शोचनीय होती. होळकरांच्या फौजांची धामधूम आणि तिच्या पाठोपाठ आलेला १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. जो भिल्ल पूर्वीं गांवाचा जागल्या म्हणून आपला हक्क घेऊन राहत असे, तो सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या आश्रयास जाऊन लुटारू बनला. कंपनी सरकारनें प्रथम फौजा पाठविल्या. डोंगरांतील तापानें शिपाई मेले. मग नायकांस नेमणुका देऊं केल्या. त्यांनीं कांहीं दिवस शांतता राही, पुन्हां दंगा होई. शेवटीं मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानें १८२५ सालीं तीन भिल्ल एजन्सी नेमून, शेतीस जमीन व तगाई द्यावी आणि भिल्लांचीच एक पलटण उभारावी, असें ठरविलें. असली पलटण उभारण्याचे प्रयत्न आधींही झाले होते. ते सारे फसले होते.

ते फसण्याचें कारण भिल्लांच्या मूर्खपणांत शोधण्याची चूक पुष्कळ लेखकांनीं केली आहे. भिल्लांना स्मरण होतें, एवढेंच त्याचें कारण. दोन दशकांपूर्वीं, पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानें कोपरगांवीं भिल्लांस विश्वासानें बोलावून आणून विहिरींत लोटून मारविलें होतें. ज्यांच्या आप्तांचा असा शेवट झाला, त्यांना 'या, सरकारची चाकरी करा' असें म्हटल्यास त्यांनीं काय समजावें? सर्वांना एके ठिकाणीं जमवून ठार मारणार, असेंच ते समजत. अफवा ही बहुधा अज्ञानापेक्षां अनुभवांतूनच जन्मते, आणि म्हणून ती नुसत्या खुलाशानें मरत नाहीं.

ज्याच्याकडे हें काम आलें तो जेम्स औट्रम १८०३ सालीं जन्मलेला. त्याचा आरंभ शस्त्रानेंच झाला. थोडे शिपाई घेऊन त्यानें डोंगरांतील भिल्लांवर छापा घातला. पण पुढें धरलेल्यांपैकीं कांहींच्या द्वारें त्यानें नायकांशीं बोलणें लावलें, आणि मग एकटाच त्यांच्या रानांत गेला. आपण भिल्लांचीं मनें ब्रँडी पाजून जिंकलीं आणि त्यांचा विश्वास त्यांच्यांत पहाऱ्यावांचून राहून मिळविला, असें त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. ब्रँडीचें साधन आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस रुचणार नाहीं, व प्रस्तुत लेखकासही तें रुचत नाहीं. परंतु त्यानें या दोन गोष्टींत केलेला भेद मात्र मार्मिक आहे. पेल्यानें लोभ जडतो. विश्वास बसण्यास पहारा काढावा लागतो. मारण्याच्या भीतीनें जे दूर राहत होते, त्यांच्या हातीं त्यानें आधीं आपलाच जीव दिला. इतकें करूनही प्रारंभीं त्याच्याबरोबर आले ते पांच भिल्ल! पण तेवढ्यावरच त्यानें आपलें काम झालें असें मानलें.

त्याच सुमाराची शिकारीची एक गोष्ट सांगतात. निवडुंगाच्या जाळींत दडलेला वाघ औट्रमच्या अंगावर आला आणि दोघेही टेकडीवरून गडगडत खालीं गेले. औट्रमनें पिस्तूल काढून वाघास मारलें. त्याच्या जखमा पाहून भिल्ल आक्रोश करूं लागले, तेव्हां मांजरानें ओरबाडल्याची एवढी काय क्षिती, अशा अर्थाचें कांहीं बोलून त्यानें त्यांना गप्प केलें. तें वाक्य भिल्लांत पुढें कित्येक वर्षें चालत होतें म्हणतात. भिल्लांपुढें वाचलेला एकही जाहीरनामा त्यांच्या तोंडीं राहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

तथापि या शौर्यापेक्षांही मालेगांवचा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. भरती झालेल्या भिल्लांस घेऊन औट्रम तेथील छावणींत गेला. तेथें त्याची स्वतःचीच जुनी पलटण होती, आणि तींत उच्च वर्णाचे शिपाई पुष्कळ होते. कालचे लुटारू आज सरकारी शिपाई म्हणून शेजारीं येणार, म्हणजे कुत्सित हंशा पिकावयाचा! पण तसें झालें नाहीं. शिपायांनीं त्यांना जवळ बसविलें, पानसुपारी दिली, त्यांच्याशीं गोष्टी केल्या. औट्रमला याचा झालेला आनंद त्याच्या लिहिण्यांत दिसून येतो. नव्या माणसाला धन्यानें गोड बोलणें सोपें असतें; जुन्या माणसांनीं त्याला आपल्या पंक्तीस घेणें कठीण. तें झालें नाहीं, तर वरून कितीही गोड शब्द येवोत, ते वाऱ्यावर जातात.

धरणगांव हें पलटणीचें ठाणें झालें. इतर एजंटांनीं, विशेषतः कन्नडकडे ओव्हान्सनें, भिल्लांस जमिनीवर वसविण्याचें काम चालविलें. वीस वर्षांत प्रथमच मुलखाला सहा महिने स्वस्थता लाभली, असें १८२८ सालीं सरकारास कळविण्यांत आलें.

परंतु येथें थांबलें तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखें होईल. ही सारी हकीकत इंग्रजांच्या लेखणीची आहे, हें एक. दुसरें असें कीं, जो विश्वास पहारा काढून मिळविला, तो कशाकडे लावला? १८३० सालीं डांगच्या भिल्ल राजांवर मोहीम झाली, तींत ही भिल्ल पलटणच होती. औट्रम त्यांच्याशीं खोटें बोलला असें मी म्हणत नाहीं. पण ज्या कामासाठीं तो बोलला तें काम त्यांचें नव्हतें, सरकारचें होतें.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १८३५ सालीं औट्रम गुजराथेंत गेला. विश्वास त्याच्यावर होता. तो कचेरीच्या दप्तरांत जमा करून ठेवतां येण्यासारखा नव्हता. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा सरकारचाच चाकर. त्याला चाकरींतून काढलें, शिक्षा दिली, आणि १८५७ सालीं गरज पडतांच पुन्हां बोलावलें. गरजेच्या वेळीं आलेल्या त्या गोड शब्दाचें मोल त्यानें बरोबर ओळखलें असावें; त्याच वर्षीं तो बंडांत उतरला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत आंबापाणी येथें त्याच्या लोकांची कंपनीच्या फौजेशीं लढाई झाली. त्या फौजेंत धरणगांवची भिल्ल पलटणही होती, आणि ती सरकारच्याच बाजूनें लढली.