घाटरस्ता, ओझे आणि एक जपानी खेळ

बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाने भिवंडीकडे निघणारा जुना आग्रा रस्ता शहापूरमार्गे कसाऱ्याला पोहोचतो आणि तेथून थळ घाट, म्हणजेच आजचा कसारा घाट, चढून इगतपुरीला सह्याद्रीच्या माथ्यावर येतो. अशा घाटांची वळणे हौसेखातर आखलेली नसतात. भरल्या गाडीला उभा चढ पेलत नाही, म्हणून डोंगराच्या अंगाने रस्ता लांबवून तो सौम्य करावा लागतो. १८६५ साली इगतपुरीपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गालाही येथे ३७ फुटांमागे १ फूट असा चढ घ्यावा लागला, आणि तो चढण्यासाठी गाडीला ‘बँकर’ नावाची जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली.

जपानमधील गुन्मा प्रांताच्या सीमेवरच्या उसुई खिंडीत चढ याहून कठीण, १५ फुटांमागे १ फूट, असल्यामुळे १८९३ साली तेथे दातेरी रुळांचा मार्ग घातला गेला. १९७१ साली खिंडीला वळसा देणारा नवा रस्ता झाला, १८४ वळणांच्या जुन्या रस्त्यावरची मालवाहतूक ओसरली, आणि अशा ओस पडलेल्या ‘तोगें’वर, म्हणजे खिंडीतल्या रस्त्यांवर, रात्री तरुणांच्या बेकायदा मोटारशर्यती होऊ लागल्या. शुइची शिगेनो यांनी १९९५ पासून ‘इनिशियल डी’ या चित्रकथेत हेच जग रंगवले आणि पुढे सेगा कंपनीने त्यावर व्हिडिओ गेम काढला, ज्यात उसुईचा रस्ताही खेळायला मिळतो.

या खेळाचे आकर्षण वेगात आहे असे सहसा मानले जाते, पण ते पुरेसे नाही. कथेचा नायक ताकुमी हा मुळात माल पोहोचवणारा मुलगा आहे. वडिलांच्या दुकानातले तोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, पहाटे डोंगरावरच्या हॉटेलांत देऊन तो परततो, आणि गाडीतल्या पेल्यातले पाणी सांडू न देण्याच्या सरावातून त्याचा हात तयार होतो. वळणाआधी ब्रेक दाबून भार पुढच्या चाकांवर आणणे, किंवा पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या कडेच्या गटारीत आतली चाके अडकवून वळण घेणे, ही त्याची कौशल्ये रस्त्याच्या बांधणीतूनच जन्मतात. गाडीचा भार सांभाळत उतार उतरण्याची विद्या हाच या खेळाचा गाभा आहे, आणि ती नाशिकहून माल घेऊन उतरणाऱ्या ट्रकचालकाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. कसारा घाटात एका जागेला ‘ब्रेक फेल पॉइंट’ हेच नाव पडले आहे. ही विद्या तेथे जिवाच्या मोलाची असते, म्हणून शर्यतीची जागा पडद्यावरच असावी.

थळ घाटाची वाहतूक मात्र उसुईसारखी कधी ओसरली नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून प्रथमच हा घाट टाळता येऊ लागला. उसुईत बंद पडलेल्या लोहमार्गाची पायवाट करून विटांचा कमानी पूल जतन केला आहे. त्याच धर्तीवर जुन्या कसारा घाटाची आखणी, भिंती आणि मोऱ्या यांची नोंद, त्या रुंदीकरणात नाहीशा होण्याआधी, ठाणे आणि नाशिक या दोन्ही जिल्ह्यांनी करून ठेवावी.