लेपातील सिलिका : प्रमाणाकडून पृष्ठाकडे

रंगलेपाच्या व्यवसायात सिलिकेचे स्थान दीर्घकाळ गौण होते. क्वार्ट्‌झ दळून केलेली पूड लेपात मिसळावयाची, ती मुख्यतः आकारमान वाढावे व खर्च घटावा म्हणून. ‘पूरक द्रव्य’ ह्या नावातच तिची योग्यता सांगितली जात असे.

ही दृष्टी पालटण्यास रबर-उद्योगातील एक निकड कारणीभूत झाली. रबरास बळकटी आणणाऱ्या काजळीला पर्याय शोधीत असता जर्मनीतील देगुसा कंपनीचे रसायनज्ञ हॅरी क्लोप्फर यांनी १९४२ मध्ये सिलिकॉन टेट्राक्लोराइडाच्या वाफेपासून हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत अत्यंत सूक्ष्म सिलिका सिद्ध केली. ‘एरोसिल’ ह्या नावाने ती पुढे प्रसिद्धीस आली. तिच्या एका प्रचलित प्रकारात मूळ कणाचा सरासरी व्यास सुमारे १२ नॅनोमीटर, तर एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे २०० चौरस मीटर असते.

सिद्धांत मात्र अद्याप प्रमाणाचाच विचार करीत होता. द्रवात तरंगणाऱ्या कणांमुळे श्यानता किती वाढते, ह्याविषयीचे आइन्स्टाइन यांचे समीकरण स्मॉलवुड यांनी १९४४ मध्ये रबराच्या ताठरपणास लावले. त्यानुसार आकारमानाने ४ टक्के कण मिसळल्यास ताठरपणा १० टक्क्यांनी वाढावा. ह्या नियमात कणाच्या आकारास स्थान नाही, आणि कण व माध्यम यांची जोड अभंग आहे असे त्यात गृहीत धरलेले आहे. पुढील संशोधनाचा सारा रोख ह्याच गृहीताकडे वळला.

१९४९ मध्ये ॲस्बेक व व्हॅन लू यांनी दाखविले की, कणांमधील पोकळ्या भरण्यापुरताच बंधक उरतो अशी एक मर्यादा असते आणि ती ओलांडताच लेपाचे गुणधर्म एकाएकी बदलतात. कण जितके सूक्ष्म तितका त्यांच्या पृष्ठावर अधिक बंधक गुंतून पडतो व ही मर्यादा लवकर गाठली जाते. शिवाय सिलिकेच्या पृष्ठावरील हायड्रॉक्सिल गट परस्परांस आकर्षितात. त्यामुळे कणांचे पुंजके बनतात आणि ताण पडताच तेथूनच भेगा सुरू होतात. लेप कठीण होतो, परंतु ठिसूळही होतो.

१९६८ मध्ये श्टोबर, फिंक व बोन यांनी एकसारख्या व्यासाचे सिलिका-गोल बनविण्याची रीत दिली. तिच्यामुळे आकाराचा परिणाम वेगळा काढून तपासणे सुकर झाले. अमेरिकेतील डाऊ कॉर्निंगचे हॅरल्ड क्लार्क यांच्या १९७६ च्या एकस्वात कलिल सिलिका मिथिल-सिलॉक्सेनाशी रासायनिक बंधाने जोडलेली आहे. त्यातील घन भागात सिलिकेचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत असू शकते, तरीही लेप पारदर्शक व ओरखड्यांस प्रतिकार करणारा राहतो. साध्या मिश्रणात जे प्रमाण लेपास घातक ठरावे, तेच येथे त्याचे बळ ठरले.

तात्पर्य, बहुवारिक लेपाचे यांत्रिक गुणधर्म सिलिका किती घातली एवढ्यावरून ठरत नाहीत. ती माध्यमाशी कशी जोडली गेली, ह्यावर ते अवलंबून असतात. ज्या प्रयोगवहीत सिलिकेचे वजन नोंदलेले आहे, पण तिच्या पृष्ठाविषयी व विखुरणीविषयी काहीच नाही, तिच्यातील निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळून पाहणे अशक्यप्राय होय.